पत्र्याच्या पट्टीला ‘जुगाड’ म्हणणाऱ्यांना आमचा सवाल

मागच्या महिन्यात एका माहितीपटाच्या चित्रीकरणावर आम्ही आवाजाच्या कामाला होतो. दुपारच्या सुट्टीत एक बडे गृहस्थ आमच्या गळ्यातल्या पिशवीत डोकावले. आत रेकॉर्डर, त्याच्या बाजूला ओळीने उभे केलेले तीन रिसीव्हर, मागे बॅटरी आणि हे सगळे जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या वाकवलेल्या पट्ट्या. गृहस्थ खूश झाले. म्हणाले, “वा! काय जुगाड केलाय तुम्ही लोकांनी!”

‘तुम्ही लोकांनी’ हे आम्ही सोडून देतो. ते ऐकायची आम्हाला सवय आहे. पण ‘जुगाड’ हा शब्द आम्ही सोडणार नाही. त्याच पिशवीत परदेशी कंपनीचा शिक्का मारलेली पट्टी असती, तर याच गृहस्थांनी तिला ‘डिझाइन’ म्हटले असते. धातू तोच, मोजमाप तेच, काम तेच. मग नाव वेगळे का? कुणाच्या हातून झाले यावर कामाचे नाव ठरते का? हा प्रश्न पत्र्याच्या एका पट्टीपुरता नाही, म्हणूनच आम्ही तो येथे सविस्तर मांडत आहोत.

पिशवीत असते काय?

अनेक वाचकांनी ही पिशवी जवळून पाहिली नसेल. चित्रीकरणाच्या जागी आवाज धरणारा माणूस एक कापडी पिशवी खांद्यांवरच्या पट्ट्यांनी पोटापुढे अडकवतो. तिच्या मध्यभागी मिक्सर-रेकॉर्डर असतो. बोलणाऱ्याच्या सदऱ्याला किंवा पदराला लावलेल्या छोट्या माइकचा आवाज त्याच्या कमरेच्या ट्रान्समीटरमधून हवेतून येतो. तो पकडण्यासाठी पिशवीत रिसीव्हर लागतात. एकेरी रिसीव्हर असतील तर जितकी माणसे बोलणार, तितके रिसीव्हर. शिवाय एक मोठी बॅटरी, तिच्यातून प्रत्येक यंत्राला वीज वाटणारी डबी, कॅमेऱ्याकडे आवाज पाठवणारा ट्रान्समीटर आणि काठीवरच्या बूम माइकची केबल.

पूर्वी हा पसारा नव्हता. स्टेफान कुडेल्स्की यांनी १९५१ साली स्वित्झर्लंडमध्ये पहिला ‘नाग्रा’ बनवला. पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘ध्वनिमुद्रित करील’ असा होतो. नाग्रा म्हणजे एकच पेटी. रिळे, ॲम्प्लिफायर, सगळे त्या एका पेटीत. पेटी जड होती, पण एकसंध होती. आज प्रत्येक बोलणाऱ्याला वेगळा माइक लागतो आणि प्रत्येक माइकला वेगळा ट्रॅक लागतो. २०१५ मध्ये झूम कंपनीचा आठ माइक जोडता येणारा ‘एफ८’ आला, तेव्हापासून आमच्यासारख्या लहान गटांनाही असे ध्वनिमुद्रण आवाक्यातले वाटू लागले. पण एका पेटीच्या जागी सात-आठ डब्या आल्या. रेकॉर्डर एका कंपनीचा, रिसीव्हर दुसरीचे, बॅटरी तिसरीची. कुणीच कुणाच्या मापाचे नाही. या सगळ्यांना एका सांगाड्यात बांधणारी जी पट्टी, तिला ब्रॅकेट म्हणतात. ब्रॅकेट नसेल, तर पिशवी म्हणजे बाजाराची थैली. वर टोमॅटो, खाली बटाटे, आणि घरी पोचेपर्यंत कशाचे काय झाले ते देव मानणाऱ्यांनाही सांगता येत नाही!

एका आजींचा आवाज

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या गटाचे मुख्य काम वस्त्यांतल्या ज्येष्ठ माणसांच्या आठवणी आणि गाणी जपून ठेवण्याचे आहे. पोटासाठी इतरांच्या चित्रीकरणावर जातो आणि त्या पैशातून हे काम करतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका गावात गेलो होतो. ऐंशी पार केलेल्या एका आजी जात्यावर बसून बाबासाहेबांवरच्या ओव्या म्हणणार होत्या. त्यांनी त्या कुठल्या वहीतून शिकल्या नव्हत्या. काही सासूकडून आल्या होत्या, काही त्यांच्या स्वतःच्या होत्या. पदराला माइक लावला, समोर बूम धरला. जाते फिरू लागले आणि आजी गाऊ लागल्या.

तेव्हा आमच्या पिशवीत ब्रॅकेट नव्हते. रिसीव्हर एकावर एक रचून रबर लावून ठेवले होते. आमचा एक साथी बूम धरून थोडा खाली वाकला, तसा वरचा रिसीव्हर घसरला आणि त्याचा साडेतीन मिलिमीटरचा जॅक अर्धवट निघाला. पूर्ण निघाला असता तर बरे झाले असते, लगेच कळले असते. अर्धवट निघालेला जॅक मधूनच आवाज देतो, मधूनच नाही. हेडफोनमध्ये आम्ही दोन्ही माइकचा मिसळलेला आवाज ऐकत होतो. बूममधून जात्याची घरघर भरून येत होती आणि तिच्याआड पदरावरचा माइक गेल्याचे आमच्या लक्षात आले नाही. रात्री मुक्कामी ट्रॅक वेगवेगळे करून ऐकले, तेव्हा तिसऱ्या ओवीनंतर आजींच्या माइकवर नुसती खरखर होती.

दोन महिन्यांनी परत गेलो. आजी नव्हत्या.

आमच्याकडे आज त्यांच्या तीन ओव्या आहेत. बाकीच्या जात्याच्या आवाजाखाली आहेत, शब्दही धड कळत नाहीत. या प्रसंगाचा दोष आम्ही कुठल्या कंपनीवर, कुठल्या यंत्रावर टाकत नाही. तो आमचा आहे. पण दोष कबूल करून, हळहळून थांबणे हा आमचा मार्ग नाही. चूक कुणी केली यापेक्षा चूक होऊ शकली कशी, हे विचारायला आपण शिकलो आहोत. ज्या पिशवीत जॅक जागेवर राहावा म्हणून माणसाला सतत डोळ्यांत तेल घालून बसावे लागते, ती पिशवी कधी ना कधी घात करणारच. सावधपणा माणसाच्या अंगात असतो तसा रचनेतही असावा लागतो. रचना चांगली असेल तर थकलेला माणूसही चुकत नाही.

“तयार मिळते की!”

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, बाजारात सगळे तयार मिळते, विकत घ्या आणि मोकळे व्हा.

मिळते, हे खरे आहे. ऑर्का, के-टेक यांच्यासारख्या कंपन्या या कामासाठी चांगल्या पिशव्या बनवतात. त्यांत कप्पे असतात, सरकते पडदे असतात. त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. परवडत असेल त्याने जरूर घ्यावी. पण पिशवी वेगळी आणि ब्रॅकेट वेगळे. पिशवीचा कप्पा कापडी असतो, तो वस्तूला वेढतो, घट्ट धरत नाही. आणि तयार ब्रॅकेट ठरावीक मॉडेलच्या मापाचे असते. ज्याने सगळा संच एका दमात नवा घेतला, त्याच्यासाठी ते ठीक. आमचा संच असा एका दमात आलेला नाही. एक रिसीव्हर जुना घेतलेला, दुसरा कुणी साथीने दिलेला, बॅटरी व्हिडिओ कॅमेऱ्याची. अशा संचाचे तयार ब्रॅकेट जगात कुठेच मिळणार नाही, कारण असा संच जगात दुसरा नाही. मापाचा सदरा शिवून घ्यावा लागतो, तसे हे मापाचे ब्रॅकेट करून घ्यावे लागते. ती काही हौस नव्हे.

“मोबाइल आहे ना!”

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांकडून येतो, म्हणून तो जास्त लागतो. “आशय महत्त्वाचा. आवाज मोबाइलवरही येतो. ही यंत्रे म्हणजे श्रीमंतांचे चोचले.”

मित्रहो, हातात फक्त मोबाइल असेल तर मोबाइलवरच ध्वनिमुद्रण करा, उद्यावर टाकू नका. काहीच नसण्यापेक्षा ते हजारपट बरे. पण आपल्या वाट्याला आलेल्या अभावाला तत्त्व बनवू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून काढल्या गेल्या. हे केवढे मोठे काम! पण ज्या ध्वनिमुद्रित झाल्या, तो त्यांतला एक भागच आहे. लिहिलेली ओवी वाचताना शब्द मिळतो, पण ‘भीम’ म्हणताना बाईचा आवाज कुठे चढला, कुठे कापरा झाला, ते कागद सांगत नाही. वामनदादा कर्डक १९२२ मध्ये जन्मले आणि २००४ मध्ये गेले. त्यांना रात्ररात्र ऐकलेली माणसे अजून आहेत. त्यांच्यातल्या किती रात्री नीट ध्वनिमुद्रित झाल्या, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या वस्तीत विचारून पाहावा. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ मध्ये आला, तो चौदा वर्षे चित्रित होत होता. त्यातले शाहीर आज आपल्याला ऐकू येतात, कारण त्या गर्दीत कुणीतरी आवाजाची काळजी घेतली होती.

ज्यांचा आवाज शतकानुशतके कुणी ऐकला नाही, त्यांचा आवाज खरखरीत चालेल, असे म्हणणारे आपण कोण? प्रस्थापितांच्या मैफली उत्तम माइकवर आणि आपल्या आजीची ओवी जात्याच्या घरघरीखाली? हे आम्हाला मान्य नाही.

आता ‘जुगाडा’कडे वळू

तिसरा आक्षेप त्या बड्या गृहस्थांचा. तो आक्षेप नाही, कौतुक आहे, असे काही जण म्हणतील. आम्ही म्हणतो, ते कौतुकाच्या वेषातले नाकारणे आहे. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणे. त्यात मोजमाप नसते, विचार नसतो, सुचले तसे बांधले आणि चालले. आमच्या पिशवीतल्या रबरबँडला कुणी जुगाड म्हटले असते तर आम्ही मान खाली घातली असती, कारण तो जुगाडच होता आणि त्याची किंमत आम्ही मोजली. पण ब्रॅकेट कसे होते ते ऐका आणि मग सांगा, हे जुगाड आहे का?

पहिले काम मापाचे. प्रत्येक यंत्र सगळे कनेक्टर लावून मोजायचे, नुसते नव्हे. रेकॉर्डर पंधरा सेंटिमीटरचा असेल, पण बाजूला एक्सएलआर लावला की त्याची जागा सहा-सात सेंटिमीटरने वाढते आणि केबलला वळायला आणखी जागा लागते. आम्ही पहिल्यांदा हेच विसरलो आणि पहिले ब्रॅकेट पिशवीत बसलेच नाही. माप झाले की पुठ्ठ्याचा फर्मा कापायचा, वाकवायचा, पिशवीत घालून एक दिवस काम करून पाहायचे. पुठ्ठा फुकट आहे, पत्रा नाही.

दुसरे काम रेडिओचे. हे न कळणाऱ्याने ब्रॅकेट करू नये. रिसीव्हरचा ॲन्टेना साधारण पाव तरंगलांबीचा असतो. ५०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ६० सेंटिमीटर, म्हणजे ॲन्टेना १५ सेंटिमीटरचा. हा ॲन्टेना धातूला चिकटून राहिला की त्याचे काम बिघडते, आणि माणसाचे शरीरही रेडिओच्या लहरी शोषते. म्हणून ब्रॅकेटची भिंत ॲन्टेनाच्या बुडाच्या खालीच थांबली पाहिजे, आणि ॲन्टेना पिशवीच्या काठावर, पोटापासून दूर उभे राहिले पाहिजेत. कॅमेऱ्याकडे आवाज पाठवणारा ट्रान्समीटर रिसीव्हरच्या शेजारी कधीच बसवायचा नाही. तो शेजारी ओरडत असेल, तर दूरच्या माणसाच्या पदरावरचा बारीक आवाज रिसीव्हरला ऐकू येणार नाही. दोघांना पिशवीच्या दोन टोकांना ठेवायचे.

तिसरे काम उष्णतेचे. ही सगळी यंत्रे तापतात. एकावर एक रचली की एकाची उष्णता दुसऱ्याला चढते. म्हणून आम्ही रिसीव्हर आडवे न रचता पुस्तकांसारखे उभे केले आणि दोघांत सहा मिलिमीटरची फट ठेवली. त्यामुळे तिन्ही पडदे वरून एका नजरेत दिसू लागले. आजींच्या वेळी असे असते, तर पडद्यावरची पट्टी हलत नाही हे आम्हाला डोळ्यांनी कळले असते.

चौथे काम धातू निवडण्याचे. अठरा सेंटिमीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद आणि दोन मिलिमीटर जाड असा ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारे ९७ ग्रॅमचा होतो. तेवढाच पत्रा लोखंडाचा घेतला तर २८० ग्रॅमच्या पुढे जातो. गळ्यात दहा तास वागवायचे असेल तेव्हा हा फरक मानेला कळतो. काही जण हल्ली थ्रीडी प्रिंटरवर प्लॅस्टिकची ब्रॅकेट काढतात. तेही चांगले, पण सर्वांत स्वस्त आणि सोपे जे पीएलए प्लॅस्टिक, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. मे महिन्यात विदर्भात उन्हात उभी केलेली बंद गाडी एवढी तापू शकते. त्यासाठी पीईटीजी किंवा एएसए घ्यावे. आणि छापलेली वस्तू थरांच्या सांध्यात तुटते, म्हणून ओढ थरांना फाकवणार नाही अशा दिशेने छापावी.

पाचवे काम आट्यांचे. कॅमेरे आणि अनेक रेकॉर्डर यांच्या बुडाला जे भोक असते, ते पाव इंचाचे, एका इंचात वीस आटे असणारे. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात ‘दोन सुती बोल्ट’ मागितला की हा मिळतो. पण दुकानदाराने ‘हा घ्या, एकच आहे’ म्हणून सहा एमएमचा दिला तर घेऊ नका. तो आत जातो, धरल्यासारखा वाटतो आणि ऐन वेळी सुटतो, शिवाय आटे खराब करतो. बोल्टची लांबीही मोजून घ्यायची. काडी घालून भोकाची खोली पाहायची, त्यात पत्र्याची जाडी मिळवायची आणि बोल्ट त्याहून किंचित आखूड ठेवायचा. लांब बोल्ट आवळत गेलात तर यंत्राचे बूड फुटेल. जो स्क्रू पुन्हा खोलायचा आहे, त्याला निळा थ्रेडलॉकर लावायचा, म्हणजे धक्क्याने सुटत नाही आणि पान्याने निघतो.

सहावे काम कडांचे. कापलेल्या पत्र्याची कड चाकूसारखी असते. ती कानशीने मारली नाही, तर महिनाभरात केबलचे आवरण कापते. बॅटरीजवळची कड उघडी राहिली आणि दोन टोकांना एकदम लागली, तर लिथियम बॅटरीला आग लागण्याचा धोका असतो. म्हणून बॅटरीच्या बाजूला धातू उघडा ठेवायचाच नाही. आणि शेवटी, ब्रॅकेटने आवाज करता कामा नये. आवाज धरणाऱ्याची पिशवीच खडखडली, तर ते बूममध्ये येते. जिथे धातू धातूला लागतो तिथे आम्ही सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले आहेत.

ट्यूबचे तुकडे ऐकून कुणी पुन्हा ‘जुगाड’ म्हणेल! नाही महाशय. वस्तू स्वस्त आहे म्हणून काम जुगाड होत नाही. काम न मोजता केले, तर महागडी वस्तू वापरूनही ते जुगाडच असते. रबर कुठे लावायचे, किती जाडीचे आणि का, हे ज्याला सांगता येते, त्याने विचार केलेला असतो.

हे सगळे झाल्यावर परीक्षा. खाली गोधडी पसरायची, पिशवीची झाकणे लावायची, पिशवी उलटी धरून जोराने हलवायची. मग उघडून प्रत्येक जॅक पाहायचा. आमच्या दुसऱ्या ब्रॅकेटमध्ये एक जॅक सैल झाला. तिसऱ्यात एकही नाही. तेव्हाच ते घेऊन आम्ही कामाला बाहेर पडलो.

पत्रा वाकवणाऱ्याचे डोके

हे ब्रॅकेट आम्ही एकट्यांनी केलेले नाही. आमच्या गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचे काम करणारे एक काका आहेत. आम्ही इंटरनेटवर वाचून ‘सर्वांत मजबूत’ म्हणून कडक ॲल्युमिनियमचा पत्रा घेऊन गेलो होतो. काकांनी तो नखाने वाजवला आणि म्हणाले, “हा काटकोनात वाकणार नाही, तडकेल. नरम घे.” आम्ही हट्ट केला. त्यांनी शेगड्यात धरून एक तुकडा वाकवून दाखवला. वाकावर बाहेरच्या बाजूने केसासारखी भेग पडली. नंतर आम्ही शोधले, तेव्हा कळले की ६०६१-टी६ हा प्रकार घट्ट वाकावर तडकतो आणि ५०५२ नीट वाकतो. काकांना हे आकडे ठाऊक नव्हते. त्यांना धातू ठाऊक होता. वाकाची आतली गोलाई निदान पत्र्याच्या जाडीएवढी ठेवायची, भोके वाकापासून लांब पाडायची, नाहीतर वाकवताना ती लांबट होतात, हेही त्यांनीच शिकवले.

आता सांगा, या माणसाचे ज्ञान जुगाड की अभियांत्रिकी? १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण करू न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रम करणाऱ्या माणसांचीच वरखाली लावलेली विभागणी आहे. डोक्याने काम करणारा वर, हाताने करणारा खाली, आणि खालच्याला डोके असते हे वरच्याने कबूल करायचे नाही. ‘जुगाड’ हा शब्द तेच करतो. तो हाताचे कौतुक करतो आणि डोके नाकारतो. ‘काय हुशारी!’ म्हणतो, पण मजुरी विचारली की ‘एवढे काय, पत्राच तर वाकवलाय’ म्हणतो.

आमच्या नकाशावर आम्ही काकांच्या दुकानाचे नाव लिहिले आहे. त्यांनी आधी पैसे घ्यायला नकार दिला, “चळवळीचे काम आहे” म्हणून. आम्ही ऐकले नाही. चळवळीच्या नावाने कष्टकऱ्याची मजुरी बुडवायची, ही सवय आपल्यातही आहे आणि ती मोडली पाहिजे.

ओझे कुणाच्या खांद्यावर?

एक गोष्ट राहिली. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. श्रम करणाऱ्याचे शरीर हा धोरणाचा विषय आहे, हे त्या काळात त्यांनी ठसवले. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३४ मध्ये, इजा होईल इतके जड ओझे कुणाला उचलायला लावू नये, असे आले. ओझे वाहणारा माणूस मात्र नेहमी कारखान्याच्या आवारातच असतो असे नाही.

आमची पिशवी वजनकाट्यावर ठेवली तेव्हा सात किलो नऊशे ग्रॅम भरली. ब्रॅकेट करताना गरजेपेक्षा लांब केबल मोजून आखूड केल्या, दोन जास्तीच्या बॅटऱ्या काढल्या, आणि पट्ट्यांचे वजन धरूनही ती साडेसहावर आली. त्याहून मोठा फरक जागेचा पडला. सर्वांत जड वस्तू म्हणजे बॅटरी. ती पूर्वी पिशवीच्या बाहेरच्या बाजूला असायची, त्यामुळे पिशवी पुढे ओढायची आणि कंबर मागे वाकायची. ब्रॅकेटमध्ये ती अंगाच्या बाजूला, तळाशी घेतली. वजन तेच, पण पाठ दुखायची थांबली. आमच्या गटातली एक ताई याआधी दोन तासांनी पिशवी उतरवायची आणि लोक म्हणायचे, “बायकांचे काम नाही हे.” आज ती दिवसभर काम करते. काम बायकांचे नव्हते असे नाही, मांडणी माणसाच्या शरीराचा विचार न करता केलेली होती. किती ठिकाणी आपण मांडणीचा दोष माणसाच्या माथी मारतो, याचा विचार व्हावा.

म्हणून आमचे म्हणणे

एक, जो पिशवी वाहतो त्याला विचारल्याशिवाय पिशवीची मांडणी ठरवू नका. दोन, ब्रॅकेटचे माप, नकाशा आणि झालेल्या चुका लपवून ठेवू नका. आम्ही आमचा फर्मा कागदावर पूर्ण मापात उतरवून ठेवला आहे, ज्या गटाला हवा त्याने न्यावा, आपल्या संचाप्रमाणे बदलावा आणि बदललेला पुढे द्यावा. ज्ञान कोंडून ठेवण्याची रीत ज्यांची होती त्यांची होती, ती आपण का चालवायची? तीन, पत्रा वाकवणाऱ्याला मजुरी द्या आणि त्याचे नाव लिहा. चार, प्रत्येक माइकचा ट्रॅक काम चालू असतानाच एकदा वेगळा ऐका. ब्रॅकेट कितीही चांगले असले तरी कानाची जागा ते घेत नाही.

येत्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा बीडकडे जाणार आहोत. त्याच गावात आणखी एक आजी आहेत, पहिल्या आजींच्या जावेची मुलगी. त्यांना त्यातल्या काही ओव्या येतात, असा निरोप आला आहे. या वेळी पिशवीत तीन रिसीव्हर उभे असतील, जॅक बांधलेले असतील, आणि जाते कितीही घरघरले तरी आजींचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर येईल.

त्या बड्या गृहस्थांनी त्याला काय म्हणायचे ते म्हणावे. आम्ही त्याला काम म्हणतो.

जयभीम!